मलावीत एचआयव्ही प्रतिबंधाचं काम: तिथल्या प्रथा, चर्च आणि मशिदी यांचं करायचं काय?

तुमचा प्रश्न वाचला. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी झालीय, आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिण भागात एका संस्थेच्या एचआयव्ही प्रतिबंध प्रकल्पावर रुजू व्हायचंय, आणि तयारी म्हणून जे वाचलंत त्यात विधवेचं 'शुद्धीकरण', बहुपत्नीत्व, कंडोमला नाक मुरडणारी चर्च आणि प्रार्थनेनं एड्स घालवणारे पाळक एवढंच हाती लागलं. म्हणून तुम्ही विचारताय, 'अशा समाजात प्रबोधनाला सुरुवात कुठून करायची आणि धर्माचा अडथळा कसा दूर करायचा?'

मी सामुदायिक आरोग्यातली डॉक्टर. आधी सांगली-मिरज पट्ट्यात ट्रकवाल्यांबरोबर आणि वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम केलं, नंतर पश्चिम केनियात किसुमूच्या आसपास आणि मग मलावीत. त्या अनुभवावर लिहितेय. अख्ख्या आफ्रिकेला लागू पडेल असं यात फार थोडं आहे, हे आधीच सांगते.

'अडथळा दूर करायचाय' असं मनात धरून गेलात की काय होतं? गावप्रमुख सभा बोलावतो, लोक शांतपणे ऐकून घेतात, टाळ्या होतात, फॅन्टाच्या बाटल्या आणि बिस्किटं वाटली जातात, अहवालात 'इतक्या लोकांचं प्रबोधन झालं' अशी ओळ पडते. आणि त्याच आठवड्यात गावात मयत झाली तर त्या घरात जे व्हायचं ते होतंच. लोकांना माहिती नसते म्हणून नव्हे. एचआयव्ही कसा पसरतो हे मलावीतल्या खेड्यातली बाई तुम्हाला न अडखळता सांगेल. तिनं त्यात भाऊ-बहिणी गमावल्या आहेत. तिच्यापुढचा पेच वेगळा असतो, आणि तो समजून घ्यायला दोन गोष्टी विचाराव्या लागतात: ही प्रथा आज या घराचं कोणतं काम करते? आणि ती बदलायची झाली तर इथे शब्द कोणाचा चालतो?

पण आधी 'आफ्रिका' या शब्दाचा निकाल लावू. सेनेगलमध्ये प्रौढांतलं एचआयव्हीचं प्रमाण कायम एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली राहिलं. एस्वातिनीत, म्हणजे पूर्वीच्या स्वाझीलँडमध्ये, साधारण चार प्रौढांमागे एकाला लागण आहे. सेनेगल बहुतांशी मुस्लिम आणि एस्वातिनी बहुतांशी ख्रिस्ती, त्यामुळे 'धर्मानं वाचवलं' असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. सेनेगलच्या इमामांनी १९९०च्या दशकात खरंच साथ दिली. पण तिथे जवळपास सगळ्या पुरुषांची सुंता झालेली असते, वेश्याव्यवसायाची नोंदणी आणि तपासणी १९६९ पासून आहे, आणि सरकारनं १९८६ मध्येच कार्यक्रम उभा केला होता. श्रेय कुणा एकाला देता येत नाही. दुसऱ्या बाजूला एस्वातिनी, लेसोथो, मोझांबिक, मलावी इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत कामाला जात. वर्षाचे बहुतेक महिने खाणीच्या वसतिगृहात, बायको गावाला. मुंबईच्या वाटेवरच्या सातारा-सांगलीकडे एचआयव्ही कसा आला हे ज्यांनी पाहिलं, त्यांना यात नवल वाटणार नाही. या सगळ्याला 'त्यांची संस्कृती' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ती रोजगाराची रचना होती.

बहुपत्नीत्वाचंही तसंच. ज्या पश्चिम आफ्रिकेत ते सर्वांत जास्त, तिथे एचआयव्ही कमी. प्रश्न लग्नं किती यापेक्षा लग्नाबाहेर कोण कुठे जातो याचा असतो. तेव्हा त्यावर फार वेळ घालवू नका.

विधवेच्या प्रथेवर मात्र थांबायला हवं, कारण तुमच्या जिल्ह्यात ती तुम्हाला भेटणार. मी ती आधी केनियात, लुओ समाजात पाहिली. तिथे तिला 'तेरो' म्हणतात. नवरा गेला की त्याच्या भावकीतला एखादा पुरुष विधवेचा वाली होतो. मूळ व्यवस्था आधाराची होती: मुलं बापाच्याच वाड्यात वाढावीत, जमीन भावकीत राहावी, बाईला कुणीतरी असावं. त्यात शरीरसंबंधाचा विधी आहे आणि खरी गाठ तिथे आहे. लुओ वाड्यात पेरणी, कापणी, नवं घर बांधणं, मुलामुलींची लग्नं, सगळं ठरलेल्या मानक्रमानं चालतं आणि त्या प्रत्येकाला नवरा-बायकोच्या संबंधाची जोड असते. विधवेचा विधी अडला की तिच्या पोराला घर बांधता येत नाही, सुनेला पेरणी सुरू करता येत नाही. तरीही कुणी मोडलंच तर 'चिरा' लागतो, म्हणजे माणूस झिजत झिजत जातो. आता विचार करा, वर्णन कशाशी जुळतं? एड्समुळे खंगणाऱ्या माणसाकडे बघून सासू म्हणायची, 'विधी केला नाही, म्हणून चिरा लागला.' आपण म्हणायचो, विधी केल्यामुळे लागण झाली. तेच शरीर, दोन्ही बाजूंचा पुरावा.

त्यात पुढे असं झालं की दिरांनाच भीती वाटू लागली. भाऊ कशानं गेला हे त्यांना ठाऊक होतं. मग पैसे देऊन बाहेरचा माणूस आणायचा प्रकार वाढला. तो आज या गावात, उद्या त्या गावात. म्हणजे आधाराचा भाग गळून पडला आणि धोक्याचा भाग तेवढा शिल्लक राहिला.

अशा बाईला 'हे करू नकोस' म्हणणं म्हणजे 'सुनेची पेरणी थांबव आणि पोराचं घर अडव' म्हणणं. कंडोम वापरायचा सल्लाही पटकन लागू पडत नाही, कारण अनेक वृद्धांच्या मते मध्ये रबर आलं की विधी झालाच नाही. ज्या घरांत मार्ग निघाला तिथे तो वडीलधाऱ्यांनीच काढला: त्या पुरुषाचा कोट रात्रभर घरात टांगायचा आणि विधी पार पडला असं मानायचं. दक्षिण झांबियातल्या टोंगा लोकांत संबंधाऐवजी गाय ओलांडण्यासारखे पर्याय पुढे आले. मलावीत याच प्रकारच्या विधीला 'कुलोवा कुफा' म्हणतात. तिथे बाहेरचा माणूस बोलावण्याऐवजी घरातल्याच एखाद्या जोडप्यानं आपापसात विधी करायचा किंवा झाडपाल्याचं औषध घ्यायचं, असे मार्ग काही प्रमुखांनी मान्य केले. यातलं काहीही आमच्या पोस्टरवर नव्हतं आणि आम्हाला सुचलंही नसतं. पूर्वजांना काय चालेल हे सांगायचा अधिकार आमच्याकडे नव्हता; आम्ही फार तर त्या लोकांना एका झाडाखाली बसवू शकत होतो.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं विधवेच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद करायचा ठराव केला आणि नंतर सरकारनं बाकीच्या गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. मुंबईहून आलेल्या एखाद्या संस्थेनं बांगड्यांवर व्याख्यान दिलं असतं तर हेरवाडकरांनी काय केलं असतं, हा अंदाज तुम्हाला मलावीत उपयोगी पडेल.

कायद्याचा उपयोग होत नाही का? होतो, पण बेतानं. २०१६ मध्ये मलावीच्या न्सान्जे जिल्ह्यातल्या एका माणसाची मुलाखत बीबीसीवर आली. तो 'फिसी', म्हणजे वयात आलेल्या मुलींशी आणि विधवांशी विधी म्हणून संबंध ठेवायला पैसे देऊन बोलावला जाणारा पुरुष. स्वतःला एचआयव्ही आहे हे त्यानं बोलावणाऱ्यांना सांगितलं नव्हतं. राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं त्याला अटक झाली, २०१३च्या स्त्रीपुरुष समानता कायद्याखाली दोन वर्षं सक्तमजुरी झाली. मुलींपैकी साक्षीला कुणी उभी राहिली नाही. शिक्षा झाली ती विधवांबद्दल. देशभर गवगवा झाला, आणि प्रथा घातक आहे हे उघडपणे म्हणायची सोय झाली, हा फायदा खरा. पण ज्या आयाबापांनी पैसे मोजून त्याला बोलावलं ते कोर्टात नव्हते. याउलट देद्झा जिल्ह्यातल्या प्रमुख थेरेसा काचिंदामोतो यांनी आपल्या हद्दीतले शेकडो बालविवाह रद्द केले आणि ते चालू देणाऱ्या दुय्यम गावप्रमुखांना पदावरून काढलं. पद गेल्यावर माणूस ऐकतो. मलावीत 'ट्रॅडिशनल अथॉरिटी' ही सरकारमान्य पायरी आहे, लोक तिला नुसतं टीए म्हणतात. तुमच्या भागाचे टीए कोण, त्यांच्या हाताखाली कोण, आणि त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका कोण, हे कामाचा आराखडा उघडण्याआधी समजून घ्या. मुलींच्या दीक्षाविधीत काय शिकवायचं हे त्या बायकाच ठरवतात.

मात्र वरून आलेला प्रत्येक शब्द चालतो असं समजू नका. एस्वातिनीचे राजे म्स्वाती तिसरे यांनी २००१ मध्ये 'उम्च्वाशो' ही जुनी रीत पुन्हा काढली: कुमारिकांनी पाच वर्षं पुरुषापासून दूर राहायचं, खूण म्हणून लोकरीचे गोंडे घालायचे, मोडलं तर दंड गायीचा. थोड्याच दिवसांत राजानं स्वतः सतरा वर्षांची वधू निवडली आणि स्वतःलाच एक गाय दंड केली. रीत मुदतीआधीच गुंडाळली. तोच देश पुढे घरोघर तपासणी आणि उपचार पोचवून २०२० मध्ये ९५-९५-९५ ची पायरी गाठणाऱ्या पहिल्या काही देशांत बसला. म्हणजे लागण झालेल्यांपैकी पंच्याण्णव टक्क्यांना ती माहीत, त्यांतल्या पंच्याण्णव टक्क्यांचे उपचार चालू, आणि त्यांतल्याही पंच्याण्णव टक्क्यांच्या रक्तातला विषाणू दबलेला. हे गोंड्यांनी झालं नाही.

आता एक अशी गोष्ट, जिला सगळे संस्कृती म्हणतात आणि मला ती कधीच तशी दिसली नाही. व्हिक्टोरिया सरोवराच्या केनियाकडच्या काठावर मासे विकणाऱ्या बायका आणि होडीवाले यांच्यात 'जाबोया' चालतो. मासे कमी, विकणाऱ्या जास्त. ज्या बाईचा होडीवाल्याशी संबंध तिला मासे आधी. पहाटे होड्या लागतात तेव्हा काठावर उभं राहून बघा. कोण कोणत्या होडीकडे जाते हे ठरलेलं असतं. ज्यांचं ठरलेलं नाही त्या मागे रिकामी घमेली घेऊन उभ्या असतात. या बायकांना एचआयव्हीची माहिती देण्यात आम्ही पुष्कळ शक्ती घालवली. मग २०११च्या सुमारास न्दुरू बीचवर काही बायकांनी मदत मिळवून स्वतःच्या होड्या घेतल्या आणि पुरुषांना त्यावर मजुरीला ठेवलं. होडी बाईची, तर मासे कुणाला हे बाई ठरवणार. काही काळ चित्र खरंच पालटलं. पुढे होड्या जुन्या झाल्या, २०२० मध्ये सरोवराला पूर आला, वस्ती पाण्याखाली गेली आणि बऱ्याच जणी पुन्हा होत्या तिथे आल्या. विश्वास, रूढी, श्रद्धा यांतलं काहीच या काळात बदललं नव्हतं.

तुमच्याच भागातलं याला जोडून एक: मलावीच्या झोम्बा जिल्ह्यात शाळकरी वयाच्या मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना दरमहा थोडी रोख रक्कम देऊन पाहिली. दीड वर्षानंतर पैसे मिळालेल्या मुलींत एचआयव्हीचं प्रमाण १.२ टक्के, न मिळालेल्यांत ३ टक्के. २०१२ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. थोडे पैसे हाती आल्यावर वयानं मोठे पुरुष मागे पडले. म्हणून कुणी 'इथली संस्कृतीच अशी' म्हणालं की मी आधी विचारते, यात पैसा कुणाकडून कुणाकडे जातो?

सुंतेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रकल्पात ती असणारच. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या तीन चाचण्यांत दिसलं की सुंतेमुळे बाईकडून पुरुषाला होणारी लागण साधारण ६० टक्क्यांनी घटते. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली. शस्त्रक्रिया तीच, पण तिचं स्वागत ठिकठिकाणी वेगळं. लुओंमध्ये सुंतेची रीत नाही. पूर्वी खालचे सहा दात काढणं हीच त्यांची खूण. सुंता नाही म्हणून शेजारच्या जमाती त्यांना 'पोरं' म्हणत हिणवत, म्हणजे विषय थेट राजकारणाचा. वडीलधाऱ्यांच्या परिषदेचा आधी विरोध होता. मग २००८ मध्ये पंतप्रधान रायला ओडिंगा आणि इतर लुओ पुढाऱ्यांनी जाहीरपणे पाठिंबा दिला, आणि ही आरोग्याची गोष्ट आहे, जमातीची रीत बदलायची नाही, अशी मांडणी झाली. काही वर्षांत लाखो पुरुषांनी करून घेतली. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूंमध्ये शाका राजाच्या काळी सुंता बंद पडली होती. २००९च्या शेवटी राजे झ्वेलिथिनी यांनी ती पुन्हा सुरू करायची घोषणा केली, तीही दवाखान्यात. आणि तिथल्याच खोसा समाजात रानात राहून, वेदना सोसून झालेली सुंता म्हणजे पुरुष होणं. दवाखान्यात भूल घेऊन झालेल्याला मोठी माणसं अजून पोरगाच म्हणतात. दर हंगामात तिथे मुलं दगावतात, तरीही.

मलावीत गुंता आणखी वेगळा. मांगोची, माचिंगाकडचे याओ मुस्लिम. त्यांच्या 'जांदो' दीक्षेत सुंता होते. चेवा ख्रिस्त्यांच्या लेखी त्यामुळे सुंता म्हणजे मुसलमान होणं. शिवाय दक्षिण मलावीत सुंता जास्त आणि एचआयव्हीही जास्त, तेव्हा 'मग उपयोग काय?' हा प्रश्न तुम्हाला भर सभेत येईल आणि तो रास्त आहे. उत्तर असं द्यायचं की जांदोत कातडी नेहमी पूर्ण काढली जातेच असं नाही, आणि दक्षिणेत लागण पसरायची इतर कारणं मोठी होती. जांदोत सुंता करणाऱ्याला 'न्गालिबा' म्हणतात. अशा एकाबरोबर आम्ही बसलो होतो. दर मुलामागे वेगळं पातं वापरा, हे त्याला लगेच पटलं. मग त्यानं विचारलं, 'यंदा पाती तुम्ही द्याल. तुमचा प्रकल्प संपल्यावर कोण देणार?' आमच्या अंदाजपत्रकात त्याचं उत्तर नव्हतं. तुमच्या असेल याची खात्री करून घ्या.

आता धर्म. माझा अनुभव असा की धर्मग्रंथावर वाद घातला तर हरणार तुम्हीच, आणि हरायलाच पाहिजे. ते त्यांचं क्षेत्र आहे. युगांडात इस्लामी वैद्यकीय संघटनेनं १९९०च्या दशकात इमामांबरोबर जे केलं ते मी कायम समोर ठेवते. त्यांनी आधी मुस्लिम घरांत नेमका धोका कुठे आहे ते शोधलं: एकाच वस्तऱ्यानं होणाऱ्या सुंता आणि मृताला घालायची आंघोळ. म्हणून वेगळं पातं आणि हातमोजे, दोन्ही धर्माचरणाच्या आतच बसणारं. हे सांगायला इमामाला काहीच अवघड नव्हतं. कंडोमवर सुरुवातीला जोरदार आक्षेप आले. चर्चा होत होत लग्नाच्या चौकटीत त्याला जागा मिळाली. पहिल्याच बैठकीत कंडोम टेबलावर ठेवला असता तर पातं आणि हातमोजेही गेले असते.

कॅथलिक चर्चचा कंडोमविरोध तुम्ही वाचला असेल. अधिकृत भूमिका तीच, पण दक्षिण आफ्रिकेतले बिशप केविन डाउलिंग जीव वाचवण्यासाठी कंडोम योग्य असं उघड म्हणत आले, आणि नवराबायकोंपैकी एकालाच लागण असेल तर त्यांनी सदसद्विवेकानं ठरवावं असं तिथल्या बिशपांच्या परिषदेनंही २००१ मध्ये म्हटलं. मलावीत आरोग्यसेवेचा मोठा वाटा चर्चच्या दवाखान्यांचा आहे. तिथल्या नन औषधं, बाळंतपणं, तपासणी सगळं उत्तम करतात. कंडोम त्यांच्याकडे मागू नका, जवळच्या सरकारी केंद्रात ठेवा. भांडण कशाला?

मला चर्चची जी शिकवण जास्त सलते ती वेगळी: 'लग्नापर्यंत संयम, नंतर एकनिष्ठा.' ऐकायला निर्दोष. पण आमच्या यादीतल्या कित्येक बायकांनी दोन्ही पाळलं होतं. नवऱ्यानं पाळलं नव्हतं. एकनिष्ठ राहा म्हणजे सुरक्षित आहात, असं ऐकत आलेली बाई तपासणीला येतच नाही, आणि लागण निघालीच तर बदफैली तीच ठरते. पाळकांशी बोलायचं असेल तर इथून सुरुवात करा. त्यांच्याच मंडळीतल्या भल्या बायका यात जातात हे त्यांना कळतं. युगांडाचे अँग्लिकन धर्मगुरू गिडियन ब्यामुगिशा यांनी १९९२ मध्ये स्वतःला एचआयव्ही असल्याचं उघड सांगितलं, तेव्हापासून धर्मगुरूंमध्ये हा विषय काढणं सोपं झालं. आपल्या टीममध्ये लागण असलेला एखादा पाळक किंवा शेख असेल तर तुमच्या सगळ्या स्लाइड बाजूला ठेवा.

प्रार्थनेनं बरं करणाऱ्यांचं काय? १९९५ मध्ये मलावीतच, लिवोंडेजवळच्या एका खेड्यात गुडसन चिसुपे नावाच्या वृद्धानं सांगितलं की स्वप्नात पूर्वजांनी एड्सवरची झाडाची साल दाखवली. 'म्चापे' नावाचं ते पाणी प्यायला लाखो लोक लोटले. अडाणीपणा म्हणून हसण्याआधी वर्ष बघा: प्रभावी औषधांचा संयोग जगातच १९९६ला आला आणि मलावीच्या सरकारी दवाखान्यांत फुकट औषधं मिळायला २००४ उजाडलं. तेव्हा दवाखान्यात द्यायला होतं काय? पण २०११ मध्ये टांझानियात औषधं फुकट असतानाही लोलिओंडोला निवृत्त लुथरन पाळकाच्या पेल्याभर काढ्यासाठी कित्येक किलोमीटर रांगा लागल्या, मंत्री जाऊन प्यायले. पेल्याला पाचशे शिलिंग, म्हणजे अगदी किरकोळ. मी त्या रांगेचा बराच विचार केला. मधुमेह, रक्तदाब, कॅन्सर, एचआयव्ही, सगळे एकाच रांगेत. कोण कशासाठी आलंय हे शेजारच्याला कळत नाही. आमच्या एचआयव्ही दवाखान्याचं दार वेगळं, वार वेगळा, कार्डाचा रंग वेगळा. भिंतीपलीकडचा शेजारी सगळं ओळखतो. ते बदलणं माझ्या हातात होतं.

म्हणून पाळकाला 'प्रार्थना थांबवा' म्हणू नका. 'प्रार्थना करा आणि गोळ्याही घ्यायला सांगा. बरं वाटलं म्हणून बंद करायच्या नाहीत, आयुष्यभर घ्यायच्या' एवढं त्याच्या तोंडून वदवून घ्या. बहुतेक जण म्हणतात. जे गोळ्या फेकायला सांगतात त्यांच्याशी मात्र गोड बोलून उपयोग नाही. तिथे टीए आणि जिल्हा आरोग्य कार्यालय दोघांना मध्ये घ्या, कारण गोळ्या सोडलेला माणूस मरतो आणि मरेपर्यंत लागण पसरवू शकतो. रमजानमध्ये दिवसातून एकदाची गोळी इफ्तारनंतर घेता येते, हे मांगोचीतल्या इमामांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे महिनाभर खंड पडत नाही.

लपवाछपवीबद्दल थोडं. 'व्हॉइस' नावाच्या मोठ्या चाचणीत दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या ५,०२९ बायकांना प्रतिबंधक गोळ्या किंवा लावायचं जेल दिलं. विचारल्यावर बहुतेकींनी नियमित घेतो म्हणून सांगितलं. रक्त तपासलं तर औषध सापडलं ते एक तृतीयांशाहूनही कमी नमुन्यांत. त्या खोटारड्या नव्हत्या. प्लास्टिकच्या बाटलीत गोळ्या चालताना खुळखुळतात आणि गावात तो आवाज सगळ्यांना ओळखू येतो. निरोगी बाईच्या पिशवीत तो वाजला की ती रोगी ठरते. काहीजणी बाटलीत कापूस कोंबतात, काही गोळ्या कागदात बांधतात. तेच पावडरच्या दुधाचं. एकेकाळी लागण असलेल्या आईनं अंगावर पाजू नये असं सांगायचे, तेव्हा दुधाचा डबा दिसला की अख्ख्या गल्लीला कळायचं. मलावीनं २०११ मध्ये प्रत्येक लागण असलेल्या गरोदर बाईला आयुष्यभर औषध द्यायचं जगात पहिल्यांदा ठरवलं. आई औषध घेत अंगावर पाजू लागली आणि डब्याची गरज संपली. लागण टाळण्यासाठी सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनवर माझी भिस्त त्याचमुळे आहे. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ मुली-बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही. ते वाजत नाही. त्याच्या जेनेरिक उत्पादनाचे परवाने ज्या सहा कंपन्यांना मिळाले त्यांत पुण्याची एमक्युअर आहे. २००१ मध्ये वर्षाला ३५० डॉलरमध्ये एड्सची औषधं देऊ करून भाव पाडणारी सिप्ला मुंबईची. तिकडे लोक भारतीय गोळ्या ओळखतात, बोलण्याला विषय मिळतो.

राहिलं तुमचं स्वतःचं. तुम्हाला सगळे आधी 'अमवेन्ये' म्हणतील, म्हणजे भारतीय, आणि लिंबे किंवा मांगोचीतल्या एखाद्या गुजराती दुकानदाराच्या घरातल्या समजतील. दुसऱ्या मिनिटाला कोणत्या चर्चला जाता हे विचारतील. 'मी धर्म मानत नाही' हे उत्तर तिथे विचित्र वाटतं. जे असाल ते सरळ सांगा, आणि रविवारी बोलावलं तर जा, मागच्या बाकावर बसा. तिथली भाषा चिचेवा आत्तापासून शिकायला घ्या, दुभाष्यासमोर कोणतीही बाई अशा गोष्टी बोलत नाही. आणि रुजू होण्याआधी संस्थेला विचारून घ्या की पैसा कुठून येतो आणि किती दिवसांचा आहे. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेनं मदत थांबवली तेव्हा कित्येक प्रकल्प एका आठवड्यात बंद पडले. तसं पुन्हा झालं तर कोणतं काम आरोग्य केंद्राकडे जाईल, कोणतं गावप्रमुखाकडे, हे तुमच्या नेमणुकीच्या कागदावर नसेल. ते विचारायला लाजू नका.